तुम्ही विचारलंत म्हणून: आमदार बोलले, मग निधी का आला नाही?

सोलापूर जिल्ह्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असो की आरोग्य केंद्रासमोरची रांग, एक प्रश्न हटकून येतो. "अधिवेशनात आमच्या आमदारांनी गळक्या वर्गखोल्यांचा विषय मांडला, पेपरात बातमी आली, मग वर्षभरात काहीच का हललं नाही?"

याचं पहिलं कारण घटनेतच आहे. कलम २०३ नुसार विधानसभा सरकारची अनुदानाची मागणी (म्हणजे खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव) मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. तीत एक रुपयाची भर घालू शकत नाही. त्यामुळे शाळांना जादा पैसे हवेत असं म्हणणारा आमदारही कागदावर कपात सूचनाच देतो: मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी. त्या शंभर रुपयांच्या आडून गाऱ्हाणं मांडायचं, मंत्र्यांचं उत्तर घ्यायचं आणि बहुधा सूचना मागे घ्यायची. विधान परिषदेत तर मागण्यांवर मतदानच होत नाही. सोलापूर ज्यात येतं त्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांनी टप्पा अनुदानावर (शाळांना टप्प्याटप्प्याने वाढत मिळणाऱ्या वेतन अनुदानावर) कितीही पोटतिडकीने बोललं, तरी त्यांच्या हातात तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) आणि चर्चा एवढंच असतं.

मार्चमध्ये अर्थसंकल्प सभागृहात येतो तेव्हा आकडे ठरून गेलेले असतात. विभागांचे प्रस्ताव कितीतरी महिने आधीच वित्त विभागाकडे गेलेले असतात. म्हणून खरं काम पावसाळी अधिवेशनापासून सुरू व्हायला हवं, आणि ते योग्य दारावर.

दार चुकणं हा आपल्याकडचा सर्वात मोठा घोळ. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कक्षेत. महापालिकेचे दवाखाने आणखी तिसरीकडे. अर्थसंकल्पात २२१० हे लेखाशीर्ष, म्हणजे आरोग्यावरच्या खर्चाचा सांकेतिक क्रमांक, पहिल्या दोन्ही विभागांच्या मागण्यांत दिसतं, त्यामुळे वाचणारा फसतो. सिव्हिलमधल्या खाटांचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारला की तो विभाग बदलण्यात अडकतो, आणि तोवर अधिवेशन संपतं.

शाळांचंही तसंच. जिल्हा परिषद शाळेच्या खोलीचा पैसा मुख्यतः जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे असतात. जुनी खोली पाडून नवी बांधायची तर आधी जुनीचं निर्लेखन (ती वापराबाहेर ठरवून नोंदीतून काढणं) मंजूर व्हावं लागतं, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. गावाने ठराव दिला, आमदार बोलले, पण निर्लेखनाचा प्रस्तावच गेलेला नसेल तर तिथे निधी टाकायला जागाच नसते.

आता प्रश्न लिहायचा कसा, ते नीट बघा. "सोलापूर जिल्ह्यातील शाळांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?" असं विचारलं की छापील उत्तर येतं, "हे खरे नाही." पुढच्या उपभागांना, "प्रश्न उद्भवत नाही." विषय संपला. याउलट, "अमुक गावच्या शाळेतील तीन वर्गखोल्यांचे निर्लेखन अमुक दिनांकाच्या आदेशाने मंजूर होऊनही नवीन खोल्यांना प्रशासकीय मान्यता मिळालेली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" इथे आदेशाचा दिनांक असल्यामुळे "खरे नाही" म्हणता येत नाही. फार तर "अंशतः खरे आहे" येतं, आणि त्या "अंशतः"च्या पुढचं वाक्य आपल्या कामाचं असतं.

निधीबद्दल विचारताना चार आकडे एकत्र मागावेत: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, बीम्सवर (राज्याच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर) वितरित झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात पहिलाच आकडा मिरवला जातो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचं, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या वार्षिक रकमेचं, उदाहरण घ्या. निकषाप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००. खडू, वीजबिल, नळदुरुस्ती यातच भागवायची. केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा जुळून पैसा वर्षअखेरीला आला, तर वर्षभर मुख्याध्यापक पदरमोड करतात आणि मार्चमध्ये घाईघाईने पावत्या जमवतात. म्हणून "किती दिले?" याच्या जोडीला "कोणत्या तारखेला दिले?" हे विचारायलाच हवं.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमाभागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथली कन्नड शिक्षकाची रिकामी जागा मराठी माध्यमाच्या शिक्षकाने भरून निघत नाही. तालुक्याची एकूण रिक्त पदं विचारली की ही तूट सरासरीत बुडते. माध्यमनिहाय आणि शाळानिहाय आकडे मागा, आणि संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) कोणत्या तारखेच्या पटावर झाली तेही.

आरोग्यात पैशापेक्षा पदं जास्त अडवतात. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. इमारत उभी राहते, पण पदनिर्मितीला वित्त विभागाची मान्यता नसते आणि कुलूप तसंच राहतं. बांधकाम आणि पदं यांचा प्रश्न एकत्रच विचारावा. औषधांचंही वेगळं आहे. २०२३ च्या कायद्याने राज्यात वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. औषध नसेल तर तरतूद नव्हती, मागणीपत्र उशिरा गेलं की पुरवठा आदेश रखडला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. "औषधांचा तुटवडा" असं ढोबळ लिहिलं तर तिन्ही निसटतात.

आमदारांना निवेदन देताना दहा मागण्यांचा गठ्ठा नको. एक पान, एक विषय, सोबत आदेशाची प्रत. उत्तर आलं की त्याची छापील प्रत मागून घ्या. मंत्र्यांनी सभागृहात ठोस शब्द दिला असेल तर तो विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे पाठपुराव्याला जातो; जिल्हा परिषदेचा मामला असेल तर विधिमंडळाचीच पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा तोच कागद पुढे ठेवता येतो. आणि आमदारांना आधीच सांगून ठेवा: मंत्री "तपासून घेऊ" म्हणाले की खाली बसू नका, "कोणत्या तारखेपर्यंत?" हा उपप्रश्न तिथल्या तिथे टाका.