पडद्याच्या तीन पिना

किराणा दुकानदाराला हर्निया होणं म्हणजे सोनाराला चष्मा लागण्यासारखं आहे. धंद्याबरोबर येतं. ५० किलोची साखरेची गोणी टेम्पोतून पाठीवर घ्यायची आणि मागच्या खोलीत थप्पीला लावायची, हे मी २२ वर्षं केलं. हमाल लावला तर पैसे जातात. मी घरचा, फुकटातला.

तीन वर्षांपूर्वी अंघोळ करताना उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा हाताला लागला. खोकलं की बाहेर, आडवं पडलं की आत. दुखत काही नव्हतं, म्हणून कुणाला बोललो नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण जागेचं होतं. गुडघा दुखला असता तर उधारीवाल्यालाही बसवून दाखवला असता. जांघेतलं काय दाखवायचं? आमच्याकडे त्याला 'आतडं उतरलं' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. मी लंगोट कसायला लागलो. पुढे हर्नियाचा पट्टा आणला, तोही भुसावळहून, कारण गावातला मेडिकलवाला माझ्या वर्गातला. लिंबाचा कांदा झाला तरी मी गप्प.

यंदा दिवाळीचा माल भरताना तो कांदा आत जाईचना. दोन तास. घाम फुटला, उलटी झाली, मी गोण्यांच्या मागे पोत्यावर पाय वर करून पडलो. मग आपोआप गेला. बायकोला तेव्हा सांगावंच लागलं. "काबरं लपवलं इतके दिवस?" एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. जळगावच्या सर्जननी सांगितलं, नशीब समजा. आतडं त्या भोकात अडकून पिळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, मग धावपळीत पोट उघडून सडलेला तुकडा कापावा लागतो. आता ठरवून केलं तर तासाभराचं काम आहे, जाळी बसवू.

जाळी म्हणजे काय ते मी विचारलं. त्यांनी टेबलाच्या खणातून नमुना काढून हातात दिला. पांढरी, मऊ, मच्छरदाणीसारखी. कशाची? तर पॉलिप्रॉपिलीन. मला हसूच आलं. आमच्याकडे साखरेच्या, खताच्या पांढऱ्या गोण्या येतात त्याही पॉलिप्रॉपिलीनच्याच विणलेल्या असतात. गोणीनं फाडलं ते गोणीच्याच भावकीनं शिवायचं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

डिसेंबरात अ‍ॅडमिट झालो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. खाली एक तक्रार येणार आहे आणि तिथेच मला चांगली माणसंही भेटली. वार्डात सहा खाटा. माझ्या शेजारी चोपड्याकडचा अपेंडिक्सचा पोरगा आणि त्याची आजी. आजी पक्की अहिराणी. आमची बोली वेगळी, त्यामुळे पहिल्या दिवशी ती बोलायची आणि मी अंदाजानं मान हलवायचो.

रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो, कागदावर सह्या, हे सगळं झालं आणि संध्याकाळी एक पोरगा ट्रे घेऊन आला. 'तयारी' करायची म्हणाला. तयारी म्हणजे बेंबीपासून मांड्यांपर्यंत केस काढायचे. पडदा ओढला तर निम्म्यातच अडकला. हुक तुटलेले. तो तसाच सोडून त्यानं चादर बाजूला केली, फोन कानाला लावून मानेखाली दाबला आणि साधं ब्लेड लावलेलं रेझर चालवायला लागला. फोनवर कुणाशी तरी गाडीच्या हप्त्याचं बोलणं चाललं होतं. मधूनच मला "काका, इकडे, काका, वर." समोरच्या खाटेवरचे पाहुणे डबा खात होते. वार्डात ये-जा चालूच.

मी भिंतीकडे तोंड केलं. ५७ वर्षांचा माणूस मी, गावात चार लोक 'शेठ' म्हणतात. आजवर कधी आलं नव्हतं ते डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. तेवढ्यात आजीचा आवाज आला, "मी नही देखत, बापा." ती डब्यासकट पाठ फिरवून बसली होती. नातवाचंही डोकं धरून तिकडे वळवलं तिनं. नंतर समोरच्या पाहुण्यांकडे असं काही पाहिलं असावं, की तेही उठून व्हरांड्यात गेले.

माझा पुतण्या फार्मसी शिकतो. त्याला नंतर सांगितलं तर तो म्हणाला, मुळात ब्लेडनं काढायलाच नको होते. ब्लेडनं कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच लिहून ठेवलंय, केस काढू नका, काढायचेच तर क्लिपरनं काढा. म्हणजे लाजही गेली आणि तीही चुकीच्या अवजारानं.

रात्री राउंडला वार्डाच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. बायकोनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता त्या नियम सांगतील. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, हुकांकडे पाहिलं, पोराला हाक मारली आणि त्याला बाहेर नेलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पोरगा मात्र परत माझ्या खाटेशी आला नाही. मग त्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, पिना आहेत का?" आमच्याकडे बाईच्या बांगडीत पिना असतातच. हिनं तीन काढून दिल्या. सिस्टरनं चपला काढल्या, स्टुलावर चढल्या आणि पडदा वरच्या दांडीला तीन ठिकाणी टाचला. "हुकांचा इंडेंट गेल्या महिन्यात दिलाय," म्हणाल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. मला त्या क्षणी मागायलाही नको होती.

रात्री ९ नंतर जेवण नाही, १२ नंतर पाणीही नाही. सकाळी फक्त बीपीची गोळी, घोटभर पाण्याबरोबर. माझा नंबर ११ वाजता लागला.

थिएटरमध्ये थंडी फार. भुलीच्या डॉक्टर एक मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर बसवलं, पोटाशी उशी दिली आणि म्हणाल्या, "काका, मांजर आळस देताना पाठ काढते ना, तशी काढा." पाठीवर गार औषध फिरलं. पुढे जे करणार ते आधी सांगत होत्या. आता मुंगी चावेल. आता फक्त दाब वाटेल. आता बसल्या जागी गरम वाटेल. तसंच होत गेलं. मग पाय माझे राहिले नाहीत. उजवा अंगठा हलवायचा हुकूम मी वरून सोडत होतो, खाली कुणी ऐकत नव्हतं.

आणि एक गोष्ट मी पाहून ठेवली. गाऊन काढायच्या आधी मॅडमनी माझ्यावर हिरवी चादर टाकली, नीट दोन्ही बाजूंनी खोचली आणि मग चादरीखालून गाऊन ओढून घेतला. उलट केलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. मी तर कंबरेखाली लाकूड झालेलो, मला कळलंही नसतं.

छातीपाशी आडवा पडदा लावला. पलीकडे सर्जन. मॅडम डोक्याशी बसून गप्पा मारत होत्या, माणूस शुद्धीत बरा आहे ना हे त्यातून बघत असाव्यात.

"काका, गाव कोणतं?"

"फैजपूरजवळ."

"म्हणजे बामणोद जवळच. वांगी आली का हो भरताची?"

पडद्यापलीकडून सर्जन म्हणाले, "रविवारी आमच्याकडे भरीत पार्टी आहे. यंदा घरीच, गॅसवर भाजून करू म्हणतोय."

मी रात्रीपासून उपाशी. खाली काहीतरी ओढल्यासारखं होत होतं, मधूनच चर्र आवाज आणि जळका वास येत होता, तो माझाच होता हे नंतर कळलं. पण गॅसवर भरीत हे ऐकून राहवेना. म्हटलं, "साहेब, पोट कापा, पण गॅसवर वांगी भाजू नका." दोन क्षण शांतता आणि मग सगळे हसले. "काका, हसवू नका, हात हलतो." मग मी झोपल्या झोपल्या पूर्ण पाठ दिला. वांगं बिनकाट्याचं, फिक्या हिरव्या रंगाचं हवं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, म्हणजे धुराचा वास आत उतरतो. मिरची-लसूण ठेचून, कांद्याची पात, तेल हात न आखडता. बरोबर पुरी, नाहीतर कळण्याची भाकरी. 'कळणा म्हणजे?' असं कोल्हापूरकडच्या एका सिस्टरनं विचारलं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, मी सांगितलं. जाळी कधी बसली ते कळलंच नाही. सहा इंच बाय तीन इंच, असं बिलावर वाचलं.

वार्डात आणलं तेव्हा साडेबारा झाले असतील. दुपार बरी गेली. डोकं उचलू नका म्हटलं होतं, उचललं नाही. चारच्या सुमारास पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. बायको सारखी विचारत होती, "हलून राह्यले का?" हलले.

लघवी मात्र होईना.

पाठीतल्या भुलीनं असं होतं, पुरुषांना या वयात जास्तच, हे सिस्टरनं आधीच सांगितलं होतं. भांडं दिलं होतं. पण पडद्याआड का होईना, सहा खाटांच्या मध्ये पडून भांड्यात? ओटीपोट दगडासारखं झालं. रात्री ८ वाजता सिस्टर फाइल घेऊन आल्या, "काका, अजून तासभर बघू, नाहीतर नळी टाकावी लागेल." नळी कुठून टाकतात हे मला माहीत होतं. घाबरलो. ऑपरेशनला घाबरलो नव्हतो इतका.

रात्रपाळीचे मामा तेव्हा नुकतेच आले होते. वार्डबॉयला सगळे मामाच म्हणतात. हे खरोखरच मामा शोभतील असे, पांढऱ्या मिशांचे, अमळनेरकडचे. सिस्टरकडून ऐकून खाटेशी आले.

"कसाले लाजतस भाऊ? मना बापनं बी हाईच ऑपरेशन व्हयेल शे."

सिस्टरला विचारून त्यांनी मला आधी पाच मिनिटं खाटेच्या कडेला बसवलं, चक्कर येते का पाहिलं. मग एका हातात सलाईनची बाटली उंच धरली, दुसरा हात माझ्या काखेत. संडासापर्यंतचे वीस पावलं आम्ही वरातीसारखे गेलो. आत बाटली खिळ्याला अडकवली, माझा हात भिंतीच्या दांड्यावर ठेवला. बादली रिकामी केली आणि नळ सोडला. पूर्ण नाही, बारीक धार, बादलीच्या तळावर पडून आवाज होईल अशी.

"कडी लावू नका. मी बाहेर उभा शे. कोणी येवाव नही."

दार लोटलं. मी उभा. नळाची धार चालू. बाहेर कुणीतरी डबा धुवायला आलं, त्याला मामांनी खालच्या मजल्यावर पाठवलं. मग ते मोठमोठ्यानं कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागले. कुणाशी बोलत होते देव जाणे, दुसरा आवाज मला आलाच नाही. बहुतेक कुणीच नव्हतं. मला आतला आवाज बाहेर जातोय असं वाटू नये, म्हणून चाललं होतं ते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. झाली. बादलीतल्या धारेत माझी धार मिसळली आणि मला देवळात घंटा वाजवावीशी वाटली. बाहेर आलो तर मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खाटेवर झोपवलं, चादर ओढली, जाता जाता काउंटरला म्हणाले, "चार नंबर झाला." सिस्टरनं घड्याळ पाहून फाइलमध्ये लिहिलं. आजी पलीकडून म्हणाली, "बरं व्हयनं." म्हणजे सगळ्या वार्डाला माहीत होतंच. पण तोवर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सुट्टी. खोकताना जखमेवर हात दाबा, कुंथू नका, रात्री इसबगोल घ्या, आणि दीड महिना वजन उचलायचं नाही. गोणी तर नाहीच, तेलाचा डबाही नाही. आता हमाल लावलाय. तो गोणी उचलताना मी त्याच्या पोटाकडे बघत बसतो.

टाके काढायला आठवड्यानं गेलो तेव्हा बरोबर बामणोदच्या वांग्यांच्या दोन पिशव्या. एक मॅडमना दिली, बजावून दिली, गॅसवर नाही. दुसरी मामांची. त्यांची पाळी रात्रीची, म्हणून इन्चार्ज सिस्टरकडे ठेवली आणि पिशवीवर मार्करनं 'रात्रीचे मामा' लिहिलं, कारण त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. सिस्टरनं ते खोडून वर त्यांचं नाव लिहिलं.

निघताना वार्डात डोकावलो. माझ्या खाटेवर दुसरं कुणीतरी होतं आणि पडदा ओढलेला होता. हुक आले नव्हते. बायको मान वर करून दांडीकडे बघत होती.

"दोनच आहेत," ती म्हणाली. "मधली गेली."

आणि बांगडीतून एक पिन काढून तिनं स्टूल कुठे आहे ते विचारलं.