मेरिनोचा आतला थर: म्युनिकमधल्या तीन हिवाळ्यांचा अनुभव

श्वाबिंगमधल्या माझ्या घरापासून गार्शिंगच्या ऑफिसपर्यंत सायकलने बारा-तेरा किलोमीटर. आधी इंग्लिश गार्डन, मग इझार नदीकाठची झाडी, बराचसा रस्ता खडीचा. एप्रिल ते ऑक्टोबर हा रस्ता म्हणजे सुख. नोव्हेंबरपासून सकाळी पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि जानेवारीत काही दिवस उणे ५, उणे ८ पर्यंत उतरतो. तरी सायकल बंद करायची नाही, असं मी पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं होतं.

तेव्हा अंगात असायचा पुण्याहून आणलेला सुती टीशर्ट, त्यावर स्वेटर आणि वर फुगीर जाड जॅकेट. घरातून निघताना छान ऊब. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला पाठीवर घाम सुटायचा. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पायडल मारत असेपर्यंत ते जाणवत नाही, पण सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की पाठ गारठायची. ऑफिसात पोहोचल्यावर तासभर हुडहुडी जात नसे. डिसेंबरात एक अख्खा आठवडा मी मेट्रोने गेले आणि रोज खिडकीतून बाहेर बघत हळहळले.

मग पॉलिएस्टरचा, खेळाडू वापरतात तसा अंगाबरोबरचा बेस लेयर घेतला. स्वस्त होता, पटकन वाळायचा. पण संध्याकाळी परत तोच घालायचा म्हटलं की वास सहन होत नसे, आणि एवढी धुणी आमच्या घरात वाळायला जागा नाही.

मेरिनोचं, म्हणजे त्याच नावाच्या मेंढीच्या बारीक, मऊ लोकरीचं नाव अनेकांनी सुचवलं होतं. मी टाळत होते, कारण माझ्या डोक्यात लोकर म्हणजे घोंगडं. माझं आजोळ माण तालुक्यातलं. आजोबा पावसात घोंगड्याची खोळ घेऊन रानात जायचे, आणि भिजलं तरी घोंगडं ऊब सोडत नाही हे आम्ही पोरांनी त्यात शिरून अनुभवलेलं. पण ते टोचायचं! मानेला, हाताला घासलं की खाज सुटायची. तसलं काही कातडीला लागून घालायचं आणि वर तासभर सायकल मारायची, ही कल्पनाच करवत नव्हती.

घोंगडं आणि मेरिनो यांत फरक आहे तो तंतूच्या जाडीचा. लोकरीत साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू जास्त असले की त्यांची टोकं वाकत नाहीत, कातडीत रुततात. दख्खनी मेंढीच्या लोकरीत असे राठ तंतू भरपूर, शिवाय विणकर सुताला चिंचोक्याची खळ लावतात म्हणून नवं घोंगडं आणखी कडक. मेरिनोचे आतले कपडे बहुतेक १७ ते १९ मायक्रॉनचे असतात. इतका बारीक तंतू कातडीला लागताच वाकतो. दुकानात मी बाही उलटी करून गळ्याशी, जबड्याखाली घासून पाहिली, कारण तिथली कातडी सगळ्यात हळवी. काही टोचलं नाही.

बाकीचे गुण मात्र घोंगड्याचेच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प आत ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ओढताना थोडी उष्णताही सोडते. आजोबांच्या घोंगड्याची ऊब काही अंशी यातूनही यायची, हे मला म्युनिकमध्ये येऊन कळलं आणि फार बरं वाटलं.

पहिली खरेदी चुकली. थंडी एवढी, मग जाडच घ्यावा, म्हणून मी २५० जीएसएमचा घेतला. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. शून्य अंशालाही त्यात मी घामाने निथळले. घाम इतका येऊ लागला की लोकरीलाही पेलवेना, आणि जाड लोकर एकदा खरंच भिजली की वाळायला वेळ घेते. मला वाटलं मेरिनोचं नुसतं कौतुकच आहे.

वीस वर्षं बारमाही सायकल चालवणाऱ्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंनी माझी अडचण ऐकली आणि एकच विचारलं: “घरातून निघताना तुला थंडी वाजते का?” म्हटलं, नाही. “मग कपडे जास्त झालेत. पहिली दहा मिनिटं गार वाटलंच पाहिजे.” त्या एका वाक्याने माझा सगळा हिशेब बदलला. आतल्या थराकडून ऊब मागायचीच नाही, त्याने कातडी कोरडी ठेवायची. वारा अडवायचं काम विंडचीटरचं. ते काम मोठं आहे: शून्य अंशाला ताशी २० किलोमीटरने गेलं की उघड्या कातडीला उणे ५ असल्यासारखं वाटतं, आणि उणे ५ ला जवळजवळ उणे १२.

आता माझ्याकडे १५० जीएसएमचे दोन आणि २०० चा एक आहे. उणे ३ पर्यंत १५० आणि वर पातळ विंडचीटर. त्याखाली उतरलं तर २००. तो जाड २५० चा मी घरात घालते.

मापाच्या बाबतीत तडजोड करू नका. कापड अंगाला लागलेलं हवं, नाहीतर घाम ओढणार कुठून? पाठीमागून लांब हवा, वाकल्यावर कंबर उघडी पडता कामा नये. बाह्या हातमोज्यात जातील एवढ्या हव्यात. गळ्याशी चेन असलेला घ्या: चढावर खाली ओढायची, उतारावर वर. बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: आत सुती किंवा जाड पॅडची ब्रा असेल तर छातीवर ओल तशीच राहते. मेरिनोची ब्रा घेतल्यावरच ते थांबलं. पायांना मात्र आधी पॅडची शॉर्ट, थेट कातडीला, आणि मेरिनोची लेगिंग तिच्यावरून. उलटं केलं तर सीटवर शिवण घासते.

किंमत झोंबते. एक चांगला शर्ट ६० ते ९० युरोंना पडतो. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या सेलमध्ये घेते. लेबलवर म्युलसिंग नसल्याची खूणही बघते. माश्यांची अंडी धरू नयेत म्हणून मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापायची ही पद्धत न्यूझीलंडने २०१८ मध्ये बंद केली, ऑस्ट्रेलियात ती अजून आहे. मेंढरांच्या मुलखातली असल्याने मला ते नजरेआड करता येत नाही.

मेरिनो नाजूक आहे, हे मान्यच करायला हवं. सॅकच्या पट्ट्यांनी माझ्या पहिल्या शर्टाच्या खांद्यावर एका हिवाळ्यात जाळी पडली. तेव्हापासून सामान मागच्या कॅरिअरच्या पिशव्यांत. चार-पाच दिवस नुसता रात्री हँगरवर टांगते, वास येत नाही. मग ३० अंशांवर, लोकरीच्या साबणाने धुवायचा, सॉफ्टनर नाही, पिळायचा नाही, टॉवेलवर आडवा पसरून वाळवायचा.

उन्हाळ्यात ठेवताना आधी धुवूनच ठेवायचा, कारण कसरीच्या अळ्या घामट लोकरीवर आधी तुटून पडतात. आजी घोंगड्याच्या घडीत कडुलिंबाचा पाला ठेवायची. इथे पाला मिळत नाही, मी देवदारचे तुकडे आणि घट्ट चेनची पिशवी वापरते. तरी गेल्या वर्षी एका कोपरावर दोन भोकं पडलीच. ती आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकून रफू केली, आणि तोच शर्ट आज सकाळी अंगात होता.