१४ शब्द, ५ सेकंद

‘म्युच्युअल फंड इन्व्हेस्टमेंट्स आर सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स, रीड ऑल स्कीम रिलेटेड डॉक्युमेंट्स केअरफुली.’ हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलं नाही असा टीव्ही पाहणारा माणूस सापडणं कठीण. मोजून १४ शब्द. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या जाहिरातविषयक नियमांत त्याचा हिशेबही दिला आहे: हे १४ शब्द किमान ५ सेकंद चालले, तर ते नीट ऐकू येण्यासारखे मानता येतील. म्हणजे जास्तीत जास्त मिनिटाला १६८ शब्द. इंग्रजी बातम्या साधारण याच वेगाने वाचल्या जातात, मिनिटाला १५० ते १८०.

तरी हे वाक्य कळतं आणि ऐकून इंग्रजी समजावं म्हणून धडपडणाऱ्यांची ‘बातम्या फार फास्ट वाचतात’ ही तक्रार मात्र कायम असते. वेग तोच आहे. फरक एवढाच की, या वाक्यात पुढे काय येणार ते आधीच माहीत असतं.

हेच वाक्य लक्ष देऊन पुन्हा ऐका. ‘इन्व्हेस्टमेंट्स आर’चं ‘इन्व्हेस्टमेंट्सर’ होतं. ‘सब्जेक्ट टू’मधले दोन ट एकच होतात. ‘रीड ऑल’चं ‘रीडॉल’ होतं आणि ‘रिलेटेड डॉक्युमेंट्स’मधला एक ड गायब होतो. शब्दांच्या मधली मोकळी जागा फक्त कागदावर असते. आपण मराठीत यापेक्षा कमी करत नाही. ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’ होतं, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’ होतं आणि कुणाचंही अडत नाही. इंग्रजीत अडतं, कारण बहुतेकांनी तो शब्द आधी डोळ्यांनी शिकलेला असतो आणि उच्चार स्पेलिंगवरून मनानेच ठरवलेला असतो. ‘कम्फर्टेबल’ची वाट पाहणाऱ्या कानाला ‘कम्फ्टबल’ ओळखता येत नाही.

सगळ्यात जास्त दगा देतात ते बारके शब्द. मराठीत आपण अक्षरांना बऱ्यापैकी सारखं वजन देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले शब्द चिरडले जातात. ‘टू’ नुसता ‘ट’ उरतो, ‘फॉर’ ‘फ’ होतो, ‘ऑफ’ आणि ‘हॅव’ दोन्ही ‘अव्ह’सारखे ऐकू येतात. (खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘शुड हॅव’ ऐकून ‘शुड ऑफ’ असं लिहून ठेवतात.) ‘कॅन’ची गंमत तर उलटीच. होकारार्थी ‘कॅन’ वाक्यात ‘कन’ होऊन जातो. त्यामुळे अमेरिकन माणसाच्या वाक्याच्या मध्ये ठसठशीत ‘कॅन’ ऐकू आला, तर तो बहुधा ‘कॅन्ट’ (can't) असतो, फक्त शेवटचा ट गिळलेला.

म्हणून कान तयार व्हावा यासाठी रोज तासभर इंग्रजी चॅनल लावून ठेवण्याने फारसं काही होत नाही. आवाजाची सवय होते, पण न कळलेलं तसंच राहतं. ३० सेकंद घ्या आणि ती पूर्ण सोलून काढा. ३० सेकंदांत ८०च्या आसपास शब्द येतात, आणि एका बैठकीला तेवढे पुरतात.

सुरुवातीला आकाशवाणीचं सकाळी सव्वाआठचं इंग्रजी बातमीपत्र सोयीचं. उच्चार भारतीय, वाचन स्वच्छ, आणि ठळक बातम्या सुरुवातीला व शेवटी अशा दोनदा येतात. त्याआधी त्याच दिवसाच्या मराठी बातम्या ऐका किंवा पेपर वाचा. ही लबाडी नव्हे. विषय माहीत असला की कान फक्त आवाजावर काम करतो.

मग एक ठळक बातमी रेकॉर्डिंगवरून घ्या. पहिल्यांदा न थांबता ऐका आणि फक्त कोण, कुठे, काय एवढं टिपा. दुसऱ्या फेरीत चार-पाच शब्दांनंतर, श्वास जिथे घेतला जातो तिथे थांबवून शब्द न् शब्द लिहा. न कळलेल्या जागी अंदाज ठोकू नका, रेघ मारा. एक तुकडा चार वेळांपेक्षा जास्त ऐकू नका, पाचव्यांदा कान नवं काही ऐकत नाही, मन रचायला लागतं. मगच लिखित मजकूर उघडा. आकाशवाणीच्या संकेतस्थळावर बातमीपत्रांचा मजकूर मिळतो. सबटायटल्स आधीपासून चालू ठेवली तर ते वाचन होतं, ऐकणं नव्हे.

खरं काम इथून पुढे आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. प्रत्येक रेघेपुढे कारण लिहायचं. शब्दच माहीत नव्हता? माहीत होता, पण जोडून आल्यामुळे ओळखला नाही? की शेवटचा ‘स’ किंवा ‘ड’ निसटला? दहाएक दिवसांची वही चाळली की आपला दोष कुठला ते दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या रेघा जास्त असतील तर शब्दसंग्रहाची पुस्तकं विकत आणून उपयोग नाही, तेच तुकडे वाचणाऱ्याच्या मागोमाग, त्याच वेगात आणि त्याच जोरासकट मोठ्याने म्हणायला हवेत. जे तोंडातून जोडून निघतं ते कानाला जोडून ओळखता येतं. आणि चारातला एक शब्द चुकत असेल, तर तो मजकूरच तुमच्यासाठी जड आहे, सोपा घ्या.

आकड्यांची वेगळी वही करा. ‘थर्टीन’ की ‘थर्टी’, हे जोरावरून ओळखा असं पुस्तकं सांगतात: ‘टीन’वर जोर असेल तर तेरा. पण पुढे नाम आलं की हा जोर सरकतो. ‘थर्टीन पीपल’मध्ये तो बहुधा ‘थर’वरच येतो, आणि बातम्यांत आकड्यापुढे नाम जवळजवळ नेहमीच असतं. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो शेवटच्या न वर आणि लांब ‘टी’वर. दुसरी अडचण हिशेबाची. परदेशी बातम्यांत मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी. ‘वन पॉइंट फोर बिलियन’ ऐकून मनात १४० कोटी करेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. ऐकताना रूपांतर करूच नका, १.४ आणि पुढे ‘बि’ एवढं टिपा, नंतर बघू.

जाहिराती या बातम्यांपेक्षा चांगला व्यायाम ठरू शकतात, कारण त्या छोट्या असतात, पुन:पुन्हा लागतात आणि त्यांत नफा-नुकसान बारक्या शब्दांत दडवलेलं असतं. ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’मध्ये ‘फिफ्टी’ दणदणीत ऐकू येतो, ‘अप टू’ मात्र ‘अप्ट’ होऊन पळतो. ‘स्टार्टिंग फ्रॉम’चंही तेच. ‘टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय’ तर ‘टर्म्झन्कंडिशन्सप्लाय’ असा एकच लांबलचक शब्द होऊन येतो. टीव्हीवरची जाहिरात असेल तर स्क्रीनकडे पाठ करा, चित्र आणि अक्षरं उत्तर फोडतात. तीन गोष्टी लिहा: किंमत किती, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर. मग स्क्रीन पाहून पडताळा. मुंबई-पुण्याच्या एफएमवरच्या हिंदीमिश्रित जाहिराती यासाठी कुचकामी. इंग्रजी पॉडकास्टमध्ये निवेदक स्वतः वाचतो त्या जाहिराती बऱ्या, तिथे बोलण्याची भाषा असते आणि सवलतीचा कोड अक्षरं सुटी करून सांगतात. ‘बी’ आणि ‘व्ही’, ‘एम’ आणि ‘एन’ तिथे कसाला लागतात.

रात्रीच्या चर्चांचे कार्यक्रम मात्र सोडा. चार जण एकदम बोलतात, त्यात इंग्रजीही ऐकू येत नाही आणि बातमीही.

मुद्दाम हळू वाचलेलं इंग्रजीही थोडे दिवसच बरं. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ साली अशा बातम्या सुरू केल्या: सुमारे १५०० शब्दांची मर्यादा आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेग. अगदी नवख्याला त्या धीर देतात, पण हळू बोलण्यात शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे ज्याचा सराव हवा तेच नसतं. मोबाइलवर वेग ०.७५ करण्याचंही तसंच. एखाद्या अडलेल्या तुकड्यापुरता करा, लगेच १ वर या.

भारतीय निवेदकाच्या दहा शब्दांतले नऊ पकडता आले की बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं पाच मिनिटांचं बातमीपत्र घ्या. तिथे ‘वॉटर’मधला र ऐकू येणार नाही आणि जिथे र लिहिलेलाच नाही तिथे तो उगवेल: ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉरन्डॉड’ होतं. पहिल्यांदा ऐकताना ही कुणी लॉरा वगैरे बाई असावी असं वाटतं.