पण रिलेचं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. सगळे झोपलेत आणि माझ्या डोक्यात संध्याकाळपासून एकच शब्द घुमतोय. पण.

म्हटलं तर काहीच झालेलं नाही. सातच्या सुमारास आईचा फोन आला, तिकडे भारतात दुपारचे अडीच, तिची आडवं व्हायच्या आधीची वेळ. "काय गं, आज पोरीचं पोहणं होतं ना, काय झालं?" मी कांदा परतत होते, फोन स्पीकरवर, म्हटलं, "हो अगं, गोल्ड मिळालं, पण रिलेचं." बस्स, एवढंच. आई म्हणाली "अगंबाई, छान", मग मावशीचा गुडघा निघाला, मग तिकडे पाणी दिवसाआड येतंय ते निघालं, मग फोन ठेवला. वळून बघते तर थोरली फ्रिजचं दार धरून उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. काही बोलली नाही. दुधाची बाटली बाहेर काढली होती ती तशीच परत ठेवली आणि खोलीत निघून गेली.

धाकटी ओट्याशी बसून रंगवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आई, तू म्हणालीस ते पण कुठलं? 'मी पण येते' मधलं पण, का इंग्रजीतल्या 'बट'वालं पण?"

काय सांगणार. कांदा करपतोय म्हणून वेळ मारून नेली. करपत नव्हता.

आणि जास्त वाईट ह्याचं वाटतंय की मी तिथे होते. कुणीतरी सांगितलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय. आज टाइमकीपरची ड्यूटी होती माझी, तिसऱ्या लेनला, हातात स्टॉपवॉच, चपला पार भिजलेल्या. तिची ५० फ्रीची (५० मीटर फ्रीस्टाइलची) फायनल माझ्या लेनला नव्हती, पलीकडे सहाव्यात होती, पाचवी आली, वर आली ती माझ्याकडे न बघताच टॉवेल उचलून गेली. मला जाताही येईना, हातात घड्याळ, पुढची रेस उभी. मग दीड-दोन तासांनी रिले, आणि तेव्हा मात्र त्या चौघी माझ्याच लेनला आल्या. शेवटचा लेग, म्हणजे शेवटचा टप्पा, हिचा. म्हणजे अगदी माझ्यासमोर ती ब्लॉकवर वाकलेली, पायाचा अंगठा कडेला घट्ट रोवलेला, नखावरचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं, आणि तिसरी मुलगी येतेय, येतेय, हिचे हात मागून पुढे यायला लागले आणि पिंडरी अशी ताठ झाली की मला आतला स्नायू वेगळा दिसला. माझ्या मुलीला पाण्यात जाताना इतक्या जवळून मी कधीच बघितलं नव्हतं. गेली तेव्हा दुसऱ्या नंबरवर होत्या. परत भिंतीला लागली तेव्हा पहिल्या. बटण दाबताना माझा हात थरथरत होता. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून काय किंचाळत होत्या.

मग हे पण आलं कुठून? पूलवरून घरी यायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत?

केटमुळे हे जास्त लागलंय. थोरलीच्या कपाटाच्या दाराला आतून ऑस्ट्रेलियाची पोहणारी केट कॅम्पबेल हिचा फोटो आहे, दार उघडलं की केट. आणि आज मला लक्षात आलं की केटच्या बाबतीतही मी इतकी वर्षं हेच करत आलेय. भारतातून कुणी आलं, पोहण्याचा विषय निघाला, की मी अगदी रंगून सांगते. आमच्या ब्रिस्बेनची पोरगी, जन्म मलावीतला, ब्लँटायरचा, नऊ वर्षांची असताना घरच्यांबरोबर इथे आली. सोळाव्या वर्षी बीजिंगला ५० फ्रीचं ब्राँझ. २०१३ ला बार्सिलोनात १०० ची वर्ल्ड चॅम्पियन. २०१६ ला वर्ल्ड रेकॉर्ड. चार ऑलिम्पिक, आठ मेडल्स, त्यातली चार गोल्ड. आणि मग न चुकता माझ्या तोंडातून येतं, पण चारही रिलेची हं.

कुणी विचारलेलं नसतं. मीच जोडते.

रिओ ऑलिम्पिकमधल्या केटच्या १०० च्या फायनलचा तो शुक्रवार मी विसरूच शकत नाही. १२ ऑगस्ट २०१६, तिकडे गुरुवारची रात्र, इथे दुपारचे बारा वाजून गेलेले. ऑफिसच्या पॅन्ट्रीत सगळे टीव्हीखाली उभे, मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं, माझी फारशी ओळखही नव्हती कुणाशी, तरी मी पण त्यांच्यात उभी. २ जुलैला इथेच ब्रिस्बेनमधे तिने १०० ला ५२.०६ सेकंद केलं होतं, ब्रिटा स्टेफनचं २००९ पासूनचं ५२.०७ एका शंभरांशाने मोडलं होतं, त्यामुळे हे गोल्ड सगळ्यांनी घरात आल्यासारखंच धरलं होतं. सेमीफायनलला ५२.७१, ऑलिम्पिक रेकॉर्ड. फायनलला पन्नासवर वळली ती पहिली, वर्ल्ड रेकॉर्डच्याही पुढे. आणि मग शेवटच्या पंचवीस मीटरला हात फिरत होते पण पाणी धरत नव्हते, बाजूच्या लेनमधल्या एकेक पुढे, एकेक पुढे. सहावी. ५३.२४. सिमोन मॅन्युएल आणि सोळा वर्षांची पेनी ओलेक्सियाक दोघी ५२.७० ला एकदमच भिंतीला लागल्या, आणि ओलेक्सियाक तर पन्नासला सातवी होती! म्हणजे केट आदल्या दिवशी जे पोहली ते नुसतं परत पोहली असती तरी गोल्डपासून एक शंभरांश. पॅन्ट्रीत कुणी बोललं नाही. एकाने टीव्हीचा आवाज कमी केला. नंतर केट स्वतःच म्हणाली होती की ऑलिम्पिकच्या इतिहासातला हा बहुधा सगळ्यात मोठा चोक, म्हणजे ऐनवेळी कच खाणं, असेल. चोवीस वर्षांची पोर ती. ते ऐकून मला पोटात कसंतरी झालं होतं.

आणि त्याच्या पाचच दिवस आधीचं त्या पॅन्ट्रीत कुणाला आठवत नव्हतं, मलाही नाही. ६ तारखेची ती रिले. मॅकीऑन, एल्म्सली, मग केटची बहीण ब्रॉन्टी आणि शेवटी केट. धाकटी बहीण हात लांब करून भिंतीला लागतेय आणि थोरली तिच्या डोक्यावरून उडी घेतेय. केटचा लेग ५१.९७, टीमचे ३ मिनिटं ३०.६५, वर्ल्ड रेकॉर्ड. हे सगळं घडलेलं होतं. गळ्यात गोल्ड पडलेलं होतं. आणि आम्ही शुक्रवारी असे उभे होतो की ही मुलगी हात हलवत परत येणार.

रिलेत थोडा फायदा असतो हे मान्य. भोंग्याची वाट बघायची नसते, येणारीचा हात बघून आधीच झोकून देता येतं, अर्ध्या सेकंदाच्या आसपास सुटतो त्यात. मला पूलवरच्या एका बाबांनी हे इतक्यांदा समजावलंय. बरं, धरू. मग २०१८ चं गोल्ड कोस्ट, कॉमनवेल्थ गेम्सचं? तिथे एकटीच्या १०० ला केट ५२.६९, सिल्व्हर, आणि गोल्ड ब्रॉन्टीला. त्याच स्पर्धेत रिलेचा शेवटचा लेग ५१.००. एक्कावन्न पूर्ण! वर्ल्ड रेकॉर्ड झालं तेव्हाही. अर्धा सेकंद उडीचा वजा केला तरी वर सेकंदभर उरतो, तो कुठून आणला तिने? मला तरी ह्याचं एकच उत्तर सुचतं, आधीच्या तिघींनी आणलेलं आपल्या हातून सांडू नये म्हणून आणला. आणि टोकियो ऑलिम्पिकची मेडले रिले, चौघींनी चार वेगवेगळ्या स्ट्रोकने पोहायची, ती पाण्यात गेली तेव्हा अमेरिका पुढे होती, आणि शेवटी ऑस्ट्रेलिया ०.१३ ने पहिली. तेव्हा आम्ही सगळे सोफ्यावर उभे राहून ओरडत होतो, धाकटी घाबरून रडायला लागली होती.

तरीही मी म्हणते पण रिलेचं. म्हणजे काय हलकं असतं का ते? पाणी वेगळं असतं?

खरं सांगू का, थोडा राग पण येतोय मला. पहाटे साडेचारला कोण उठतं ह्या घरात? जूनमधे गाडीच्या काचेवर दव साचलेलं असतं, पूलवर वाफा निघत असतात, तिथे थर्मास घेऊन दीड तास कोण बसतं? ओले टॉवेल, हरवलेले गॉगल, टोप्या, एंट्री फी, सगळं. आणि एक शब्द चुकला तर आपणच वाईट. मला कुणी विचारलं का कधी की तू कशी आहेस, तुझं काय चाललंय, कॉन्ट्रॅक्ट मार्चमधे संपतंय त्याचं काय. ह्याला सांगायला गेलं तर ह्याचंच कंपनीत काय चालू आहे ते... जाऊ दे.

बाबा मार्कशीट अशीच बघायचे. बोट वरून खाली यायचं आणि जिथे थांबायचं तिथे पण असायचं. "छान आहे, पण भूमितीत दोन गेले." पण बाबांचं आज नको.

म्हणजे हा शब्द मी पोरीला ठरवून नाही दिला. तो माझ्याकडे आलाय तसा पुढे गेला. आणि कदाचित ते घाबरणं असेल. कुणी दुसऱ्याने म्हणायच्या आत आपण म्हणून टाकायचं, म्हणजे कमी लागतं. परक्या गावात येऊन राहिलं की ही सवय आणखी पक्की होते बहुतेक, आधीच स्वतःचं थोडं कमी करून सांगायचं. केटच्या आईने असं केलं असेल का? पाच मुलं, त्यातल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, नवा देश, आणि दोन मुली एकाच रेसमधे एकमेकींच्या शेजारी. कुणाकडे बघायचं तिने. २०१५ ला कझानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्रॉन्टीने ५० आणि १०० दोन्ही जिंकले तेव्हा १०० चं ब्राँझ केटचं होतं. त्या संध्याकाळी ती माउली फोनवर काय म्हणाली असेल आपल्या माणसांना? एकीसाठी आनंद आणि दुसरीसाठी पण? का दोन्ही एका दमात?

चँडलरच्या, म्हणजे इथल्या ब्रिस्बेनच्या पूलची आठवण येतेय आता. जून २०२४, पॅरिस ऑलिम्पिकच्या निवडीच्या ट्रायल्स, शेवटच्या रात्रीची ५० फ्री. आम्ही तिघी वरच्या रांगेत. केट बत्तीस वर्षांची, पाचवं ऑलिम्पिक मिळतंय का बघायला परत आली होती, १०० ची फायनलही हुकली होती. २४.७६. सातवी. बोर्डाकडे बघून ती पाण्यातच थांबली, आणि मग बाकीच्या मुली दोरीखालून एकेक करून तिच्याकडे गेल्या, जिंकलेल्या पण आणि हरलेल्या पण, आणि तिच्याभोवती नुसत्या टोप्याच टोप्या. आख्खं स्टेडियम उभं होतं. थोरलीने माझी बाही इतकी ओढून धरली होती की शिवण उसवली. कुणी तिथे रिलेचं का एकटीचं असा हिशोब करत नव्हतं. त्या पाण्यातल्या मुलींना तर तिचा हिशोब आपल्यापेक्षा जास्त माहीत होता, काहीजणी तिच्या हातानंतर उडी मारलेल्या, काहीजणींच्या हातानंतर ती.

गाडीत थोरली कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, उद्या सकाळी ती कशाला उठेल?" मी म्हटलं झोपेल गं मस्त. तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

आत्ता उठून बघून आले. थोरली भिंतीकडे तोंड करून झोपलीये, का तसं करतेय, कळलं नाही. बाकीची मेडल्स टेबलाच्या वरच्या हुकला आहेत, आजचं तिथे नव्हतं. बॅगेत सापडलं, ओल्या टॉवेलच्या घडीत, रिबनला क्लोरिनचा वास आणि एका टोकाला कुणाचातरी केस चिकटलेला, लांब, सोनेरी. हिचा नाही. चौघींपैकी कुणाचातरी. तो काढावासा वाटला नाही. रिबन सोडवून बाहेर स्टँडवर टाकून आले, टॉवेल शेजारी.

उठवून काही बोलावं असंही वाटून गेलं. पण काय बोलणार, सॉरी म्हटलं तर ती म्हणेल कशाबद्दल, आणि मग ते सगळं मराठीतून सांगायचं, तिला निम्मं कळणार. आणि तो शब्द माझ्या तोंडातून परत जाणार आहे, मला माहीत आहे, चाळीस वर्षांची सवय एका रात्रीत कुठे सुटते. धाकटी राखण करेलच, तिला आता खेळ सापडलाय.

उद्या रविवार, पहाटेचं पोहणं नाही. दुपारी मीच आईला फोन लावीन, स्पीकरवर, थोरली घरात असताना. सांगीन की आई, काल रिलेचं गोल्ड मिळालं, शेवटचा लेग हिचा होता, मागून येऊन जिंकल्या. आई म्हणेल, अगं काल सांगितलंस की.

म्हणू दे.