नोड क्लस्टरला जोडले जात नव्हते: माझे चार दिवस

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशिनच्या गटावर (क्लस्टरवर) प्रोग्राम चालवणारी प्रणाली. तिचा कंट्रोल प्लेन, म्हणजे गट सांभाळणारं मुख्य मशिन, अर्ध्या तासात उभा राहिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते तीन वर्कर नोड, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी मशिनं, जोडताना. कुबेअ‍ॅडम जॉइन ही नोड जोडण्याची कमांड चालवली की सुरुवातीच्या प्रीफ्लाइट तपासणीची एक ओळ यायची, मग पाच मिनिटं शांतता, आणि शेवटी 'एपीआय सर्व्हरची ओळख पटत नाही' म्हणून सगळं बंद.

मला वाटलं, ६४४३ पोर्ट, म्हणजे नोड ज्या वाटेने कंट्रोल प्लेनमधल्या एपीआय सर्व्हरशी बोलतात ती, अडवलेला असणार. आमच्याकडे फायरवॉल नेटवर्क विभागाकडे असते. तिकीट टाकलं आणि हात बांधून बसले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: पोर्ट पहिल्यापासून उघडाच आहे. एवढं सांगायला दोन दिवस! तुम्ही मात्र थांबू नका, नोडवरून नेटकॅट (पोर्ट उघडा आहे का ते बघणारी कमांड) चालवा, लगेच कळतं.

तोवर जॉइनसाठी लागणारं टोकन, म्हणजे तात्पुरता पासवर्ड, संपलं होतं, त्याची मुदत २४ तासांचीच असते. आता एरर वेगळीच आली, जेडब्ल्यूएस सही (टोकनवरून बनणारी डिजिटल सही) सापडत नसल्याची. मी वैतागून कंट्रोल प्लेन रीसेट केला, दुपारी नव्याने इनिट केलं, म्हणजे तो पहिल्यापासून उभा केला. पुन्हा तीच शांतता. रात्री नऊला घरून सहज तीच कमांड दिली, तर नोड जोडला गेला! काहीही न बदलता. आनंद व्हायच्या ऐवजी मला धडकीच भरली. कारण माहीत नसलेला क्लस्टर मी कुणाच्या भरवशावर चालवणार?

चौथ्या दिवशी परत सगळं पुसलं आणि या वेळी जॉइनला व्हर्बोसिटी ५ दिली, म्हणजे जास्त तपशील दाखवायला सांगितलं. पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. खरी ओळ तिथे होती: एपीआय सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, अजून वैध झालेलं नाही. नोडची वेळ आणि सर्टिफिकेट सुरू होण्याची वेळ यांत जवळजवळ साडेपाच तासांचं अंतर. साडेपाच म्हटल्यावर डोक्यात लख्ख पडलं. कंट्रोल प्लेनच्या मशिनवर आधी विंडोज होतं. ते हार्डवेअरच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, समजतं. म्हणजे सर्टिफिकेट भविष्यातल्या वेळेचं बनत होतं, आणि रात्री ती वेळ उलटून गेली होती, म्हणून नोड जोडला गेला!

नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने हे आपोआप सुधारलं असतं, पण त्याचा यूडीपी १२३ पोर्ट बाहेर जायला बंद. त्यासाठी दुसरं तिकीट. संध्याकाळी कळलं की ऑफिसचा स्वतःचा टाइम सर्व्हर आहेच. तो पत्ता नव्या मशिनबरोबर का देत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही.

तो पत्ता क्रोनीत, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामात, घातला, वेळ जुळली. नुसती वेळ मागे आणून भागत नाही, आधीची सर्टिफिकेटं पुढच्या वेळेचीच राहतात. म्हणून रीसेट आणि इनिट पुन्हा. मग तिन्ही नोड एकामागून एक आत आले आणि कॅलिको (क्लस्टरमधलं नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) बसवल्यावर रेडी झाले. जॉइनआधी प्रत्येक मशिनवर टाइमडेटसीटीएल ही वेळ दाखवणारी कमांड चालवून बघाच, आणि नव्या टोकनसाठी इनिट करू नका. कुबेअ‍ॅडम टोकन क्रिएटला प्रिंट-जॉइन-कमांड जोडलं की पूर्ण ओळ तयार मिळते.