सिस्टर, सलाईन कधी लावणार?

पेशंटला गाडीतून उतरवून खाटेवर घ्यावे, पाठीखाली उशा लावाव्यात, जुनी फाईल उघडावी, तोवर मुलगा किंवा जावई दाराशी येऊन हळू आवाजात विचारतो, “सिस्टर, सलाईन कधी लावणार?” गेली ९ वर्षे मी पुण्यातल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्रात, नर्स आहे, आणि मृत्यूविषयी लोकांनी मला जितके विचारले नसेल तितके सलाईनविषयी विचारले आहे.

प्रश्न रास्त असतो. आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत वाटीभर पेज तरी घेणारा माणूस आता दोन चमच्यांवर मान फिरवतो. आल्यागेल्याला चहाशिवाय जाऊ न देणाऱ्या घरात कर्ता माणूसच उपाशी पडून आहे, हे घरच्यांना बघवत नाही. “पोटात अन्नाचा कण नाही हो,” या वाक्यात दुःख असतेच, पण त्याहून अधिक धास्ती असते, की उद्या भावकी म्हणेल, शेवटी उपाशी ठेवले.

अशा वेळी मी आधी हिशेब सांगते. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे. उष्मांकात मोजली तर जेमतेम एक पोळी. साध्या सलाईनमध्ये तेवढेही नसते, नुसते मीठ आणि पाणी. उलट्या-जुलाबांनी कोरडा पडलेला, पण अजून धुगधुगी असलेला पेशंट असेल तर आमचे डॉक्टर सलाईन देतात, कित्येकदा शीर न शोधता कातडीखाली बारीक सुई घालूनही देतात. परंतु शेवटच्या दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे आणि हृदय आवरते घेऊ लागलेले असते. तेव्हा वरून सोडलेले पाणी कामी येत नाही. ते हातापायांत, पोटात आणि फुप्फुसांत साठते, घशातली घरघर वाढते. शिवाय तोंडाला पडणारी कोरड बहुतेक वेळा तोंडाने श्वास घेतल्यामुळे आणि औषधांमुळे असते, त्यामुळे बाटली लावूनही ती जात नाही.

हे मला नर्सिंगच्या अभ्यासात वाचून ठाऊक होते, पण पटले ते फार उशिरा. हॉस्पिसमध्ये येण्यापूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात होते. यकृताच्या कर्करोगाचे एक काका होते, अंगभर सूज, शीर सापडत नव्हती. मी सहा वेळा टोचले. अखेर उजव्या मनगटाशी सुई बसली आणि ती निघू नये म्हणून मी हात पट्टीवर घट्ट बांधून टाकला. डावा हात आधीच्या टोचण्यांनी काळानिळा होऊन बँडेजमध्ये होता. त्यांची मुलगी रात्रीच्या गाडीने आली. वडिलांचा हात हातात घ्यायला तिला हातच मिळेना, तेव्हा ती पायथ्याशी बसली आणि पहाटेपर्यंत त्यांच्या पायाचा अंगठा धरून राहिली. काका गेले तेव्हा तिसरी बाटली अर्धी भरलेली होती. चार्टवर माझे काम चोख होते, मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तो बांधलेला हात मात्र माझा होता, म्हणजे मी बांधलेला होता, आणि नोकरी बदलताना मी इतरांना कोणतीही कारणे सांगितली असली तरी खरे कारण ते होते.

(घरी मी हॉस्पिस हा शब्द उच्चारला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे वृद्धाश्रमच ना?” भारतातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांति अवेदना सदन, १९८६ साली सुरू झाले आणि पुण्यात वारज्याचे केंद्र १९९७ पासून आहे, तरीही हा गैरसमज काही सुटत नाही. आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या ‘पॅलिएटिव्ह केअर’साठीचा ‘उपशामक सेवा’ हा प्रतिशब्द तर कागदावरच राहिला आहे. पेशंटच्या तोंडून तो मी एकदाही ऐकलेला नाही.)

सलाईन लावणार नाही, एवढेच सांगून निघून गेले तर ते निर्दयपणाचे होईल. घरच्यांच्या हाताला दुसरे काम द्यावे लागते, आणि माझ्या मते आमच्या कामातले निम्मे कसब तेवढेच आहे. कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालायचा, बोटाला गॉज गुंडाळायचा, तो बुडवून पिळून घ्यायचा आणि जिभेवरून, टाळूवरून, गालांच्या आतून हलक्या हाताने फिरवायचा. जिभेवर जमलेला पांढरा थर एका दिवसात निघत नाही, म्हणून ओरबाडायचे नाही. ओठांना साजूक तूप. पेशंट जागा असेल, गिळत असेल, तर मान थोडी वर करून चमच्याने दोन थेंब. गुंगीत असेल तर चमचा अजिबात नाही, कारण ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाते. हे दर दोन तासांनी, कूस बदलायच्या वेळी. पहिल्या खेपेला मुलांचे हात थरथरतात. वडिलांच्या तोंडात बोट घालण्याची वेळ याआधी कधी आलेली नसते.

गेल्या वर्षी मालवणकडचे एक आजोबा होते, पोटाचा कर्करोग, महिनाभर काही टिकत नव्हते. आजींना मी विचारले की यांना काय आवडायचे. आजी म्हणाल्या, “सोलकढी. पण आता कसली कढी, बाय?” त्यांच्या सुनेकडून कोकमाचे आगळ मागवले, पाण्यात पातळ करून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवले, आणि एक छोटा तुकडा गॉजमध्ये बांधून त्याचे टोक आजींच्या हातात दिले, म्हणजे तुकडा घशात जायची भीती नको. आजोबांनी डोळे मिटून तो बराच वेळ चोखला आणि मग अगदी स्पष्ट म्हणाले, “मीठ कमी आहे.” आजींना हसू आवरेना. दुपारी त्यांनी स्वतः दुसरा ट्रे लावला, मीठ चाखून.

तोंडाच्या कर्करोगात यातले पुष्कळसे करता येत नाही. तंबाखूची आणि मिश्रीची आयुष्यभराची सवय असलेले पेशंट आमच्याकडे सतत असतात. जबडा बोटभरही उघडत नाही, नाकातून पोटात अन्न पोचवणारी राइल्स ट्यूब असते आणि गालाच्या जखमेला वास येत असतो. नातेवाईक नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहतात आणि पेशंटला ते दिसते. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरली की काही दिवसांत वास पुष्कळ उतरतो. औषधाचा गुण मी फाईलवरून नव्हे तर खुर्चीवरून ओळखते, ती दाराजवळून खाटेजवळ सरकलेली असते.

मॉर्फिनविषयी, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या अफूजन्य औषधाविषयी, थोडक्यात लिहिते, कारण त्याची भीती सलाईनच्या ओढीइतकीच घट्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषध इतके जखडून ठेवले होते की कित्येक डॉक्टरांनीही ते हाताळलेले नसे. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. आमच्याकडे ते कुलपात असते, एकेका गोळीची नोंद होते. दुखणे परत डोके वर काढण्याआधीच, घड्याळ लावून, दर चार तासांनी ते द्यायचे आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पेशंटला दोन वाजता उठवावे लागत नाही. सोबत पोट साफ होण्याचे औषध न चुकता, कारण मॉर्फिनने पोट बांधले जाते. वेळेवर औषध देण्याचा हा आग्रह सिसिली साँडर्स यांचा. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. त्या डॉक्टर झाल्या त्याआधी नर्स होत्या, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

पाण्याचा आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा रात्री विचारला जातो. पिशवीतून गंगाजळाची सीलबंद लोटी निघते, तुळशीची चार पाने निघतात, आणि विचारतात, “सिस्टर, वेळ आली की सांगाल ना?” श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसू लागली, की मी सांगते, पण घटका नेमकी सांगणे मला अजून जमलेले नाही. रात्रभर उशाशी बसलेला मुलगा चहा घ्यायला खाली जातो आणि त्या दहा मिनिटांतच वडील जातात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी लोटी लगेच उघडायला लावते. गॉज भिजवायला तेच पाणी वापरा म्हणते. काहींना ते अशुभ वाटते, काही रागावतातही. मात्र मक्केच्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याची बाटली घेऊन आलेल्या एका चाचींनी मी सांगण्याआधीच पाणी वाटीत ओतले होते आणि त्या दर दोन तासांनी नवऱ्याचे ओठ ओले करीत होत्या, बाटली संपली तेव्हा त्यांनी त्यात नळाचे पाणी मिसळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बरकत आहे तिच्यात.”

परवा सातारकडच्या एक आजी दाखल झाल्या. नातू सोबत होता, विशीतला, डोळे लाल झालेले. त्याच्या हातात मेडिकलची पिशवी आणि पिशवीत सलाईनच्या दोन बाटल्या. वाटेतच विकत घेतल्या होत्या. “लावाल ना?” त्याने विचारले. मी पिशवी घेतली, टेबलावर ठेवली आणि त्याला खुर्ची दिली. आजींना काय आवडतं, असे विचारल्यावर तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, “चहा. पण बशीतनंच.”

मी स्वयंपाकघरात मावशींना चहा टाकायला सांगितला आणि बशी शोधायला गेले.