काका, सायलेन्सर कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी पेट्रोल पंपावर मी नुसता हसतो. सिग्नलला माझ्या जुन्या बुलेटशेजारी थांबलेला पोरगा हेल्मेटची काच वर करतो, "काका, सायलेन्सर कुठला लावलाय? काय आवाज आहे!" कुठला म्हणजे? साधा, लांब, कंपनीचा.

आवाज सायलेन्सरमध्ये नसतो हो. 70 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 90 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, आणि फ्लायव्हील, म्हणजे आत फिरणारं चाक, इतकी जड की इंजिन रेंगाळत फिरलं तरी बंद पडत नाही. इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे पेट्रोल एकदाच पेटतं. मिनिटाला 800 फेऱ्या धरा: 400 ठोके, सेकंदाला साडेसहा. इतके ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. एवढीच जादू. इंग्लंडातल्या रेडिचची ही बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली, आणि 2010 च्या सुमारास ते ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचं इंजिन थांबलं. नव्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. बरं, थोडा आहे.

पण मला बोलायचा हक्क किती? बाविसाव्या वर्षी मीच सायलेन्सर आतून पोकळ करून आणला होता. तेव्हाचा मी आज सिग्नलला भेटलो तर त्याच्याशी बोलणार नाही.

1996 ची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, अण्णा मागे. गाडी त्यांचीच, 1984 ची. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "खालून काहीतरी ठोकतंय रे." मी म्हटलं, "अहो अण्णा, हिचा आवाजच असा आहे आता." ते म्हणाले, "कानाला नाही, पायाला लागतंय."

मी किक मारली.

खंबाटकी घाटात, निम्म्या चढाला, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि खालून घण घातल्यासारखा आवाज झाला. मग काहीच नाही. डाव्या बुटावर गरम तेल. बिगएंड, म्हणजे पिस्टनच्या रॉडचा खालचा सांधा, गेला होता; रॉड तुटून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला होता. अण्णा उतरले, रस्त्याने मागे चालत गेले, आणि तळहाताएवढा अल्युमिनियमचा तुकडा उचलला. हाताला भाजला म्हणून रुमालात घेतला. मग खाली बसून इंजिन नंबर शाबूत आहे का ते पाहिलं. होता. टेम्पो मिळेपर्यंत, आणि टेम्पोत साताऱ्यापर्यंत, तो रुमाल त्यांच्या मांडीवर होता. पँटवर तेलाचा डाग पसरत गेला. मला एक शब्द बोलले नाहीत.

बिगएंडमधला तो बुश, ज्यावर रॉड फिरतो, कधीतरी जायचाच होता. त्या इंजिनाचं ते दुखणंच, दामटली की जातो. हे मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगतो. खरंही आहे. पण साधा सायलेन्सर असता तर ठोका मला शिरवळच्या आधीच ऐकू आला असता आणि काम बुशवर भागलं असतं, हेही खरं. पोलीस असले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात तेव्हा मला बरं वाटतं. आणि रात्री एखादी पोकळ सायलेन्सरची बुलेट गल्लीतून गेली की मी उठून गॅलरीत जातो. याचं काय करायचं, सांगा.

तो तुकडा वेल्ड करून परत बसवला. त्या सांध्यातून अजून तेल पाझरतं. घाट लागला की मी बोलणं बंद करतो आणि तळपाय फूटरेस्टवर दाबून धरतो. गेल्या रविवारी काहीतरी लागल्यासारखं वाटलं. इंजिन उघडायला हवं.